आधी ऐका, मग बोला!

हा लेख म्हणजे खरं तर एक शिक्षा आहे. तुम्हाला नाही, मला झालेली! आपल्या कॉलेजात शिक्षा म्हटलं की फाईन, नाहीतर घरी पत्र. पण आमच्या कम्युनिकेशन लॅबच्या सरांनी मला आणि माझ्या रूममेटला दिलेली शिक्षा जरा वेगळीच होती. एका माणसाबद्दल मिळेल ते वाचायचं आणि मासिकात लिहायचं. माणूसही असा की १९३६ सालीच वारलेला, तोही अमेरिकेत. तेव्हा वाटलं, काय कटकट आहे राव! आता लिहायला बसलोय तर काय ठेवू आणि काय गाळू असं झालंय.

आधी गुन्हा सांगतो. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला मी स्टेज कमिटीत होतो. गर्दी झाली की मोबाईलचं नेटवर्क गुल होतं हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर उपाय म्हणून रूममेटने ऑनलाइन दोन वॉकी-टॉकी मागवले. स्वस्त आणि मस्त. परवाना लागतो की नाही याबद्दल खोक्यावर एक अक्षर नव्हतं आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, प्रॅक्टिस म्हणून तो हॉस्टेलच्या गच्चीवर गेला आणि मी ग्राउंडवर. आकडे फिरवत फिरवत १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक जागा मिळाली. दोन सेकंद कान दिला, कोणी नव्हतं. झालं, आमची बडबड सुरू. मेसच्या भाजीपासून एच.ओ.डीं.च्या नकलांपर्यंत सगळं.

मध्येच एक वयस्कर आवाज आला. शांतपणे त्याने विचारलं, की आपण कोणतं स्टेशन बोलताय, कृपया कॉलसाइन सांगा. आम्हाला वाटलं कोणीतरी सीनियर खेचतोय. रूममेटने मोबाईल माइकला लावला आणि अख्खं गाणं वाजवलं. कडवं संपलं की बटण सोडायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं. थोड्या वेळाने तो आवाज यायचा बंद झाला. आम्ही पोट धरधरून हसलो.

सोमवारी लॅबमध्ये सरांनी दोघांनाच थांबवून घेतलं. सर स्वतः हॅम आहेत, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ ऑपरेटर. त्या रविवारी जिल्ह्यातल्या हॅम मंडळींचा आपत्तीच्या वेळच्या संदेशवहनाचा सराव चालू होता. फोन आणि वीज गेली असं समजून औषधांची आणि रक्तगटांची एक यादी एका गावाहून दुसऱ्या गावाला सांगायची होती. ती यादी तीनदा तुटली, कारण मध्ये आमचं गाणं. आवाज आमचेच आहेत हे सरांनी लगेच ओळखलं होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की सराव होता म्हणून ठीक, पूर असता तर? मग दोन्ही सेट कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवलं. वेड्यावाकड्या दोन लाकडांना तारेने बांधलेली कसलीतरी भयानक वस्तू. म्हणाले, हे काय आहे ते शोधून काढा आणि ज्याने हे जगाला दिलं त्याच्याबद्दल लिहा.

त्या माणसाचं नाव हायरम पर्सी मॅक्झिम.

मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारले असतील. मॅक्झिम गनवाला का? नाही, तो बाप. सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम. त्याने १८८४ च्या सुमारास पहिली खरीखुरी स्वयंचलित मशीनगन बनवली आणि पुढे इंग्लंडात 'सर' झाला. आपला नायक त्याचा मुलगा. जन्म २ सप्टेंबर १८६९, न्यूयॉर्कजवळचं ब्रुकलिन. पर्सी बारा वर्षांचा असेल-नसेल तेव्हा बाप युरोपात गेला आणि तिकडचाच झाला. पोरांना आईनेच वाढवलं. तरीही या मुलाने बापाबद्दल पुढे एक पुस्तक लिहिलं, आणि त्यात कडवटपणापेक्षा गंमतच जास्त आहे म्हणतात. तक्रार करत बसण्यापेक्षा हसत हसत सांगायचं हा त्याचा स्वभाव पुढे रेडिओतही कामाला आला.

सतरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १८८६ मध्ये, तो एम.आय.टी.तून मेकॅनिक आर्ट्सचा कोर्स करून बाहेर पडला. आपण त्या वयात सीईटीचा फॉर्म भरत असतो! नोकरी लागली लिन नावाच्या गावी, तोफगोळ्यांच्या कारखान्यात. दिवसा तोफगोळे आणि रात्री उद्योग. पेट्रोलच्या थेंबात किती जोर असतो हे बघायला त्याने रिकाम्या नळकांड्यात थेंब टाकून त्याला काडी लावली. जो काही धडाका उडाला त्यातून त्याला इंजिनाचं वेड लागलं. १८९५ मध्ये तो हार्टफर्ड शहरातल्या पोप यांच्या सायकल कंपनीत घोड्याविना चालणाऱ्या गाड्या बनवायला लागला. कनेटिकट राज्यातलं हे हार्टफर्डच पुढे आयुष्यभर त्याचं गाव झालं.

आणि मग बापाच्या बरोबर उलटं काम. बापाने जगातली सर्वांत गोंगाट करणारी बंदूक बनवली, मुलाने बंदुकीचा आवाज मारणारा सायलेन्सर बनवला. पेटंट १९०९ चं. आंघोळीच्या टबातलं पाणी भोवरा करून जाताना बघितलं आणि नळीतून सुटणारा गॅस असाच गरगर फिरवत हळूहळू सोडला तर, असं त्याच्या डोक्यात आलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सर बनवले. आवाज कमी कसा करायचा यावरच त्याचं पोट चालायचं. हे ध्यानात ठेवा.

रेडिओ त्याच्या घरात आला तो मुलाच्या नादाने. १९१० नंतर पोराने वायरलेसचे प्रयोग सुरू केले आणि चाळिशी ओलांडलेला बाप त्यात पोरापेक्षा जास्त अडकला.

तेव्हाचा रेडिओ म्हणजे काय होता ते आधी समजून घ्या. आवाज नाही, फक्त मोर्सचे डिट आणि डा. ट्रान्समीटर ठिणगीचा. दोन टोकांमध्ये ठिणगी पाडायची की लहरी सुटतात. पण ठिणगी एका फ्रीक्वेन्सीवर नीट थांबत नाही, मोठा पट्टाच्या पट्टा व्यापते. म्हणजे गावात एक जण बोलायला लागला की बाकीच्यांचं ऐकणं बंद. त्यात परवाना नाही, नियम नाही, कॉलसाइन ज्याची त्याने ठरवायची. पोरं नौदलाच्या संदेशांत घुसायची, काही महाभाग जहाजांना खोटे हुकूमही सोडायचे. आमच्या गाण्याचे पूर्वज म्हणा ना!

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्या गोंधळात जहाज सुखरूप ओढून आणलं जातंय अशी खोटी बातमी पसरली आणि ठपका आला हौशी मंडळींवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला. प्रत्येक स्टेशनला परवाना, ऑपरेटरला परवाना, सरकारने दिलेली कॉलसाइन. हौशी माणसाने २०० मीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीवरच राहायचं आणि पॉवर जास्तीत जास्त १ किलोवॉट. २०० मीटर म्हणजे १५०० किलोहर्ट्झ. त्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सी लांब पल्ल्याला कुचकामी असं तेव्हाच्या तज्ज्ञांचं पक्कं मत. थोडक्यात, हॉस्टेलच्या पोरांना ग्राउंड नाही म्हणायचं नव्हतं म्हणून मागची खडकाळ जागा दिली. तिथे खेळून खेळून आपोआप कंटाळतील हा हिशोब.

पण त्याच कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या ज्या आजही प्रत्येक हॅमला पाठ असतात. एक, संकटातल्या जहाजाचा संदेश सगळ्यांच्या आधी. दोन, काम भागेल तेवढीच कमीत कमी पॉवर वापरायची. मला ही दुसरी गोष्ट फार आवडली. तुमच्याकडे १ किलोवॉट आहे म्हणून १ किलोवॉट ओतायचा नाही. शेजारच्या खोलीत हाक मारायला कोणी लाउडस्पीकर लावत नाही, तसंच.

आता १९१४ चा एप्रिल. मॅक्झिमला एक व्हॅक्यूम ट्यूब हवी होती. ती होती २५-३० मैलांवरच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या एका हॅमकडे. मॅक्झिमने हरतऱ्हेने प्रयत्न केला, पण त्याचा सिग्नल तिथपर्यंत पोहोचेना. तेव्हा त्याला आठवलं की मध्येच विंडसर लॉक्स नावाच्या गावात एक ओळखीचा हॅम आहे. त्याने त्याला गाठलं, त्याने निरोप पुढे दिला, उत्तर मागे आणलं. काम फत्ते.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? हेच तर विशेष! एवढ्यावर कोणीही ट्यूब मिळाली म्हणून खूश झाला असता. मॅक्झिमने विचार केला की एकाने दुसऱ्याचा निरोप पुढे नेला तर देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येईल. सरकारने दिलेली खडकाळ जागाही मग पुरेल. ६ एप्रिल १९१४ ला हार्टफर्डच्या रेडिओ क्लबच्या बैठकीत त्याने कल्पना मांडली आणि अमेरिकन रेडिओ रिले लीग जन्माला आली. बरोबर होता क्लॅरेन्स टस्का, विशीही न गाठलेला विद्यार्थी. एक चव्वेचाळीस वर्षांचा कारखानदार आणि एक कॉलेजकुमार, दोघांनी मिळून पत्रं पाठवून काही महिन्यांत दोनशेहून जास्त स्टेशनं जोडली. डिसेंबर १९१५ पासून क्यूएसटी नावाचं मासिक सुरू केलं, ते अजून चालू आहे. फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कहून सोडलेला संदेश हातोहात लॉस एंजेलिसला गेला आणि उत्तर दीड तासाच्या आत परत आलं. कोणालाही एक पैसा मिळाला नाही. मध्ये बसलेल्या पोरांचा त्या निरोपाशी काही संबंध नव्हता. तो दुसऱ्याचा होता म्हणूनच तो जपून, अक्षरन् अक्षर बरोबर पुढे द्यायचा.

इथे मी वाचता वाचता थांबलो. रक्तगटांची ती यादी आठवली.

रिले चालायचा असेल तर मधल्या माणसाला ऐकू आलं पाहिजे. आणि ऐकू येत नव्हतं. कारण हवेत गर्दी. कोणी दहा-दहा मिनिटं नुसती हाकच मारतोय, कोणी आपली कॉलसाइनच देत नाही, कोणी ट्रान्समीटर टेस्ट करतोय म्हणून तासभर बटण दाबून बसलाय, कोणाचा मोर्सचा हात इतका वाईट की त्यातून अक्षर निघत नाही. कायद्याने हे सगळं पकडता येत नाही. परवाना असलेला माणूसही बेशिस्त असू शकतो.

मॅक्झिम लीगचा अध्यक्ष होता. तो पत्रक काढू शकला असता, नावं काढून टाकू शकला असता. त्याने काय केलं? जानेवारी १९१७ पासून क्यूएसटीत 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने एक चिडका म्हातारा अवतरला. हा म्हातारा रात्री रेडिओ लावतो, मांजर शेजारी असतं, आणि हवेतल्या एकेका बेशिस्त प्रकारावर तो असा काही भडकतो की वाचणारा हसून हसून लोळतो. पण हसता हसता कळतं की अरे, हे तर आपणच! पहिल्या लेखाचा विषयच होता क्यूआरएम, म्हणजे एका स्टेशनचा दुसऱ्याला होणारा अडथळा. अडथळा दुसऱ्यांमुळे होतो असं प्रत्येकाला वाटतं. म्हाताऱ्याने प्रत्येकाला आरसा दाखवला.

सरांच्या भिंतीवरची वस्तू याच म्हाताऱ्याची. तिचं नाव वूफ-हाँग. म्हाताऱ्याने गंभीर चेहऱ्याने लिहिलं की हवेत शिस्त मोडणाऱ्यांवर वापरायचं हे एक पुरातन हत्यार आहे. १९१९ मध्ये त्याने लीगच्या ऑफिसात खरोखरच एक नमुना पाठवून दिला. ते नेमकं कसं वापरायचं हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही, आणि तीच त्यातली मजा. लीगने तो जपून ठेवला. एका काल्पनिक दंडुक्याने जेवढी पोरं सुधारली तेवढी खऱ्या दंडाने सुधारली नसती, असं सर म्हणतात.

गंमत पुढे आहे. हा ओल्ड मॅन कोण, याचे तर्क वर्षानुवर्षं चालले. मॅक्झिमने गुपित सांभाळलं. तो गेल्यावरच जगाला कळलं की तो म्हातारा म्हणजे अध्यक्ष स्वतः होता.

पण मी पुढे पळालो. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारचा हुकूम आला की सगळी हौशी स्टेशनं बंद, अँटेना उतरवा. ऐकायलाही बंदी. हजारो हॅम सैन्यात आणि नौदलात ऑपरेटर म्हणून गेले. मासिक बंद पडलं, लीगची तिजोरी जवळपास रिकामी. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपलं, बंदी मात्र उठली नाही. उलट संसदेत असं विधेयक आलं की रेडिओ कायमचा नौदलाच्या ताब्यात द्यावा. ते पास झालं असतं तर हॅम रेडिओ तिथेच संपला असता.

मॅक्झिम वॉशिंग्टनला समितीपुढे जाऊन बोलला. लीगने जुन्या सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना पत्रं पाठवली, त्यांनी आपापल्या खासदारांना. ज्यांची मुलं रेडिओ ऑपरेटर म्हणून युद्धात राबली होती ते आईबाप लिहायला लागल्यावर संसदेलाही ऐकावं लागलं. विधेयक बारगळलं. तरी नौदल सोडेना. अखेर १९१९ च्या एप्रिलमध्ये ऐकायची परवानगी मिळाली आणि १ ऑक्टोबर १९१९ पासून बोलायची. आधी ऐकायची, मग बोलायची! सरकारने हे मुद्दाम केलं नसेल, पण मला त्यात म्हाताऱ्याची चालच दिसते.

या लढाईत सरकारपुढे सांगण्यासारखं हॅम लोकांकडे काय होतं? रिले नीट चालवल्याची आठवण, तयार झालेले ऑपरेटर आणि स्वतःला शिस्त लावायची तयारी. नुसता गोंगाट केला असता तर त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं असतं?

त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे धमाल. ज्या लहरी कुचकामी म्हणून दिल्या होत्या त्यांच्यावरून डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हॅमचे सिग्नल अटलांटिक पार करून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन गावच्या एका तंबूत ऐकू आले. लीगने पॉल गॉडली नावाच्या तज्ज्ञाला खास ऐकण्यासाठी तिथे पाठवलं होतं. बघा, समुद्रापार माणूस पाठवला तो बोलायला नाही, ऐकायला! नोव्हेंबर १९२३ मध्ये हार्टफर्डचा फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधल्या नीसचा लिओं देलॉय यांच्यात शंभर-एकशेदहा मीटरच्या आसपास दोन्हीकडून गप्पा झाल्या. शॉर्टवेव्ह वरच्या वातावरणातल्या आयनांच्या थरावर आदळून परत खाली येते, त्यामुळे थोड्या पॉवरमध्ये लांब जाते, हे आपण आता पेपरात दोन मार्कांसाठी लिहितो. खडकाळ जागेत सोनं निघालं होतं.

सोनं निघालं की मालक बरेच येतात. कंपन्या आल्या, सरकारं आली. घरोघरी करमणुकीचे रेडिओ आले आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की वरच्या मजल्यावरच्या पोराच्या टकटकीमुळे गाणं ऐकू येत नाही. तेव्हा संध्याकाळी ८ ते १०.३० हौशी स्टेशनांनी शांत राहायचे तास आले. लीगने आपल्या सभासदांना ते पाळायला लावले. आपल्या हॉस्टेलच्या स्टडी अवर्ससारखे! आपण ते रेक्टर फेरीवर असले तरच पाळतो ही गोष्ट वेगळी.

१९२५ मध्ये पॅरिसला देशोदेशीच्या हॅमची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, पहिला अध्यक्ष मॅक्झिम. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हॅमना स्वतःचे पट्टे अधिकृतपणे मिळाले. पूर्वी होते त्यापेक्षा अरुंद, पण हक्काचे. आपल्या सरांच्या लॅबमधला सेट आज ४० मीटरवर किंवा २० मीटरवर लागतो, त्याची मुळं त्या परिषदेत आहेत.

या सगळ्यात मॅक्झिमचे बाकीचे उद्योग चालूच. १९२६ मध्ये हौशी सिनेमावाल्यांची संघटना काढली, खगोलशास्त्रावर पुस्तक लिहिलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये तो कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळा बघायला आगगाडीने निघाला. वाटेत आजारी पडला. कोलोरॅडोतल्या ला हुंता गावी त्याला उतरवून इस्पितळात नेलं आणि तिथेच १७ फेब्रुवारीला तो गेला. वय ६६. पुढच्याच महिन्यात हार्टफर्डला मोठा पूर आला आणि लीगचं स्टेशन पाण्यात गेलं. नवीन स्टेशन बांधलं ते जवळच्या न्यूइंग्टनला, उद्घाटन २ सप्टेंबर १९३८, म्हणजे त्याच्या वाढदिवशी. त्याची स्वतःची कॉलसाइन डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू त्या स्टेशनला दिली. ती आजही हवेत आहे, नवशिक्यांना मोर्सचे धडे देते. माणूस गेला, पण त्याची हाक गेली नाही.

आता आपल्याकडचं थोडं, कारण हे वाचून कोणीतरी नक्की ऑनलाइन शोधायला बसणार. आपल्याकडे हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग देते. वय १२ पूर्ण पाहिजे आणि परीक्षा पास व्हावी लागते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. इलेक्ट्रॉनिक्सची तयारी आपली असतेच, नियम मात्र पाठ करावे लागतात. सुरुवातीला आणि शेवटी आपली कॉलसाइन सांगायची. गाणी, जाहिराती, धंद्याच्या गोष्टी हवेत चालत नाहीत. दुसऱ्याचा संदेश कानावर पडला तर तो गावभर करायचा नाही. हॅम सोडून साध्या वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी पॉवरच्या वॉकी-टॉकींना २०१८ मध्ये परवान्यातून सूट मिळाली. पण सेट मंजूर झालेला पाहिजे आणि त्याच पट्ट्यात चालणारा पाहिजे. आमचा कुठेही चालणारा होता, म्हणजे सरळसरळ बेकायदा. अशी विक्री फार झाल्यामुळे २०२५ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हा खोकं उघडायच्या आधी फ्रीक्वेन्सी बघा.

हे नियम म्हणजे कटकट वाटते. मलाही वाटायची. पण २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा फोन बंद पडल्यावर हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये रीतसर परवानगी मिळवून काही हॅम अंदमानात रेडिओ लावून बसले होते. आले होते छंदासाठी. २६ तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांच्याच सेटवरून बातमी आणि निरोप बाहेर गेले. ते निरोप ऐकू आले, कारण त्या वेळी त्या जागेवर कोणी गाणं वाजवत नव्हतं.

शेवटी आमच्याबद्दल. दोन्ही सेट अजून सरांच्या कपाटात आहेत, आणि खरं सांगतो, परत मागायची हिंमत नाही. मी आणि रूममेट परीक्षेचा अभ्यास करतोय. रोज संध्याकाळी लॅबमध्ये जातो, सर त्यांचा सेट लावतात आणि आम्ही नुसते ऐकतो. पहिले काही दिवस खरखर आणि आकडे यापलीकडे काही कळायचं नाही. आता एकेक आवाज ओळखू येतो.

त्यात तो वयस्कर आवाजही असतो. रविवारचा. रोज साडेसातला येतो, आधी थोडं थांबतो, जागा मोकळी आहे का विचारतो, मग कॉलसाइन सांगतो. निवृत्त माणूस असावा. कोणाची अँटेना पडली, कोणाला पार्ट हवाय, याची विचारपूस करतो. परवा त्याने आमच्या सरांना विचारलं की ती गाणंवाली मुलं सापडली का. सरांनी आमच्याकडे बघितलं आणि हवेत एवढंच सांगितलं की सापडली आहेत, सध्या ऐकतायत.

माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. पण परवाना नाही, त्यामुळे बोलता येत नाही. कॉलसाइन मिळाली की पहिली हाक त्यांनाच मारायची हे ठरलंय. आधी ऐकणार, जागा मोकळी आहे का बघणार, नाव सांगणार आणि मग सॉरी म्हणणार. तेही कमीत कमी पॉवरमध्ये.

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)